ऑनलाइन कोर्सची मॉड्यूल्स एकसारखी आणि नीट लावलेली कशी ठेवायची?

अक्षरवेल

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, समजून घ्या. सांख्यिकीची ओळख करून देणारा एक ऑनलाइन कोर्स माझ्याकडे आलाय, बारा मॉड्यूल्सचा, मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. आधी तो तिघांनी मिळून बनवला होता आणि तिघांनी आपापल्या पद्धतीने. पहिल्या चार मॉड्यूल्समध्ये आधी व्हिडिओ, मग वाचन, मग क्विझ. पाचव्यापासून वाचन पीडीएफमध्ये आणि क्विझ सगळ्यात वर, कारण ती म्हणे 'पूर्वचाचणी' आहे, पण गुण मात्र तिचे धरतात. नवव्यापासून तर एकाच लांब पानावर सगळं ओतलंय, सूचना, लिंका, गृहपाठ, सगळं एकाखाली एक. तीच गोष्ट एका ठिकाणी 'असाइनमेंट', दुसरीकडे 'कार्य', तिसरीकडे 'गृहपाठ'. एका फाइलचं नाव 'सराव ३ फायनल नवीन' आणि तिच्याच खाली 'सराव ३ फायनल'. यातली खरी कुठली ते उघडून वाचल्याशिवाय मलाही सांगता येत नाही.

मजकूर वाईट नाहीये बरं का. मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) यातला फरक समजावणारा व्हिडिओ तर फार सुंदर आहे. पण विद्यार्थ्यांचे मेसेज बघितले तर निम्म्याहून जास्त विषयाबद्दल नसतातच, 'कुठे आहे', 'कधीपर्यंत आहे', 'हे पण करायचंय का' एवढंच. मला वाईट वाटतं की मुलं प्रमाण विचलनावर डोकं लावण्याऐवजी गृहपाठ शोधण्यात डोकं लावतायत.

तर प्रश्न असा की सगळी मॉड्यूल्स एका साच्यात आणायची तर सुरुवात कुठून करू? साचा किती घट्ट असावा? आणि कोर्स सध्या चालू आहे, तिसरं मॉड्यूल सुरू झालंय, मग मध्येच बदलू की पुढच्या बॅचपर्यंत थांबू?

पाटीवरची_रेघ

ताई, आधी मूडल बंद करा आणि एक स्प्रेडशीट उघडा. गंमत नाही, मनापासून सांगतेय. लोक थेट कोर्समध्ये शिरून आयकॉन आणि रंग एकसारखे करत बसतात आणि मग मध्यावर लक्षात येतं की सातव्या मॉड्यूलच्या चाचणीत जे विचारलंय ते सातव्यात कुठे शिकवलेलंच नाहीये.

प्रत्येक मॉड्यूलला एक ओळ. रकाने असे ठेवा: हे मॉड्यूल संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, ते आलंय हे कशावरून कळणार, त्याचा सराव कुठे, त्यासाठी काय वाचायचं किंवा बघायचं, आणि अंदाजे किती वेळ लागेल. याच क्रमाने भरा, म्हणजे उद्दिष्ट, मग चाचणी, आणि साहित्य सगळ्यात शेवटी. शेवटाकडून सुरुवातीकडे येण्याची ही रीत जुनी आहे. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये ती नीट मांडली, आणि उद्दिष्ट, शिकवणं, तपासणं हे तिन्ही एका रेषेत हवं हे जॉन बिग्ज यांनी त्याच्या दोन वर्षं आधी सांगितलं होतं.

उद्दिष्ट लिहिताना 'समजेल', 'माहीत होईल' असं लिहू नका, कारण समजलं की नाही ते तपासणार कसं? तुमच्याच कोर्समधलं घ्या. 'मध्य आणि मध्यक यांची माहिती होईल' याऐवजी 'दिलेल्या आकड्यांसाठी मध्य वापरावा की मध्यक ते ठरवेल आणि कारण सांगेल' असं लिहिलं की चाचणीचा प्रश्न आपोआप समोर येतो. पाच-सहा जणांचे पगार द्यायचे, त्यातला एक अवाढव्य, आणि विचारायचं की या गटाचा नेहमीचा पगार कुठल्या आकड्याने सांगाल आणि का. आणि मग हेही दिसतं की तो सुंदर व्हिडिओ नेमका यासाठीच आहे आणि त्याच्याखालचं पंधरा पानी पीडीएफ बहुधा नकोच आहे.

बारा ओळी भरून झाल्या की गोंधळ कुठे आहे ते तक्त्यातच उघडं पडतं. एका मॉड्यूलला दोन तास आणि दुसऱ्याला नऊ तास लागत असतील तर वरवर कितीही एकसारखं दिसू दे, विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते एकसारखं नाही. माझ्या मते वेळेचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक रिकामा ठेवतात.

मूडलकर

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी जरा खालच्या पातळीवरचं बोलतो, बटणांच्या.

नावं. इथेच घोडं पेंड खातं. आपण नाव देताना मॉड्यूलच्या पानावर बसलेलो असतो, वर मोठ्ठं 'मॉड्यूल ४: संभाव्यता' दिसत असतं, म्हणून खाली नुसतं 'क्विझ' लिहिलं तरी आपल्याला पुरतं. पण विद्यार्थ्याला तेच नाव गुणपत्रकात दिसतं, कॅलेंडरमध्ये दिसतं, मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये दिसतं, आणि तिथे वरचं शीर्षक सोबत नसतं. गुणपत्रक उघडलं की बारा वेळा 'क्विझ', 'क्विझ', 'क्विझ'. म्हणून नाव एकटं उभं राहिलं तरी कळलं पाहिजे. माझी पद्धत अशी, आधी क्रमांक, मग काय करायचं, मग विषय:

०४ वाचा: संभाव्यता म्हणजे काय
०४ पहा: स्वतंत्र आणि अवलंबून घटना
०४ सराव: फासे आणि पत्ते
०४ जमा करा: संभाव्यतेची पाच उदाहरणं

पुढचं शून्य मुद्दाम आहे. फाइलींची नावं नुसती १, २, ३ ठेवली तर बऱ्याच ठिकाणी १ नंतर १०, ११, १२ येतात आणि मग २. बारा मॉड्यूल्स आहेत म्हणजे तुम्हाला हा त्रास होणारच.

आणि शब्द एकच धरा. गृहपाठ म्हणायचं ठरलं की शेवटपर्यंत गृहपाठ, घोषणेत पण, व्हिडिओत पण, ईमेलमध्ये पण.

तारखा. शेवटची तारीख फक्त एकाच जागी ठेवा, त्या गृहपाठाच्या सेटिंगमध्ये. तिथून ती कॅलेंडरवर आपोआप जाते. पानाच्या मजकुरात 'येत्या शुक्रवारपर्यंत' असं काही लिहू नका. पुढच्या बॅचसाठी कोर्स रीसेट केला आणि सुरुवातीची नवी तारीख दिली की मूडल सेटिंगमधल्या तारखा त्या हिशोबाने पुढे सरकवतं, पण मजकुरात हाताने टाइप केलेली तारीख त्याला कुठे कळणार, ती तशीच राहते आणि मग विद्यार्थ्याला एकाच गृहपाठाच्या दोन तारखा दिसतात.

साच्यासाठी एक वेगळा कोरा कोर्स बनवून ठेवा, त्यात एकच आदर्श मॉड्यूल, सगळ्या सूचना आणि सेटिंग भरलेलं. तिथून इम्पोर्ट करून आणायचं आणि मजकूर बदलायचा. इम्पोर्टमध्ये विद्यार्थ्यांचा डेटा येत नाही, त्यामुळे भीती नाही. फायदा नुसता दिसण्याचा नाही, कम्प्लिशनच्या खुणा (म्हणजे 'हे पूर्ण झालं' अशी नोंद), किती वेळा प्रयत्न करता येईल, गुण कधी दिसतील हे पण सगळीकडे एकच राहतं. चौथ्या मॉड्यूलच्या क्विझला तीन प्रयत्न आणि पाचव्याला एकच, असं कुठे न सांगता झालं तर मुलं चिडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

एक सावधगिरी. 'हे केल्याशिवाय पुढचं उघडणार नाही' अशा कुलपांची माळ लावू नका. मधली एक कडी अडकली, समजा व्हिडिओ चालला नाही, की पुढचं सगळं बंद आणि रात्री अकरा वाजता विद्यार्थी तसाच लटकलेला. एखाद-दुसरं कुलूप ठीक आहे, तेही खरंच गरज असेल तिथे.

उलटतपासणी

माझं थोडं वेगळं मत आहे. मी साहित्य शिकवतो, आणि हे 'सगळी मॉड्यूल्स एकसारखी' प्रकरण मला खूपदा जाचक वाटतं. कविता वाचायचा आठवडा आणि दीर्घ निबंध लिहायचा आठवडा एकाच आकाराचे कसे असतील? आमच्याकडे सक्ती होती की प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक व्हिडिओ, एक चर्चा, एक क्विझ असलंच पाहिजे. मग कवितेवर पण क्विझ! 'दुसऱ्या ओळीत कोणता रंग आला आहे' असले प्रश्न तयार झाले, नुसती जागा भरायला. मुलांनी कविता वाचणं सोडलं आणि रंग शोधायला लागली. साचा शिकवण्यासाठी असतो हो, शिकवणं साच्यासाठी नाही.

शिवाय दहाव्या आठवड्यापर्यंत तेच ते बघून कंटाळा येतो हे पण खरं आहे. थोडं आश्चर्य लागतं माणसाला.

पाटीवरची_रेघ

@उलटतपासणी तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं, कवितेवरच्या त्या क्विझचं तर फारच. पण मला वाटतं आपण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय. एकसारखं काय असावं, तर जागा, क्रम, नावं आणि सूचनांची पद्धत. आत काय करायचं ते एकसारखं असायची काहीच गरज नाही. कवितेच्या आठवड्यात क्विझ नसेल तर ती ओळ सरळ काढून टाका, 'या आठवड्यात क्विझ नाही' असं रिकामं शीर्षक पण ठेवू नका. फक्त जे आहे ते नेहमीच्याच क्रमाने आणि नेहमीच्याच नावाने असू दे. आणि आठवडा खरंच वेगळा असेल तर वरच्या ओळखीत स्पष्ट सांगा की यावेळी व्हिडिओ नाही, एकच कविता आहे, तीन वेळा वाचायची आहे, दर वेळी वेगळ्या कारणासाठी. आश्चर्य विषयात असू दे ना, मेनूत कशाला?

याला अभ्यासाचा आधार पण आहे. शिक्षणाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेला विचार असा की एका वेळी डोक्यात धरून ठेवायची आपली जागा फार थोडी असते. त्यातली काही जागा विषयाच्या अवघडपणाला लागते, ती लागणारच. पण मांडणीच्या गोंधळाला जी लागते ती फुकट जाते. सांख्यिकी आधीच अवघड, त्यात दर आठवड्याला पान नव्याने समजून घ्यायचं म्हणजे ज्याला विषय जड जातो त्यालाच जास्त भुर्दंड. हुशार पोरं कशीही शोधून काढतात, गळतात ती दुसरीच.

कानाने_वाचणारा

मी स्क्रीन रीडर वापरून शिकतो, म्हणजे पान बघत नाही, ऐकतो. त्यामुळे या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

तुम्हा लोकांना पान बदललं तर एक नजर टाकून अंदाज येतो. मला ते वरून खाली ऐकावं लागतं. सगळी मॉड्यूल्स एका पद्धतीची असतील तर दुसऱ्या-तिसऱ्यानंतर मला पाठ होतं की तिसऱ्या शीर्षकाखाली सराव असतो, मी शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत थेट तिथे जातो. पण त्यासाठी शीर्षक हे खरं शीर्षक असावं लागतं, एडिटरमधल्या हेडिंगच्या स्टाइलने दिलेलं. नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली तर डोळ्यांना शीर्षक दिसतं पण माझ्या सॉफ्टवेअरला तो साधा परिच्छेदच असतो, उडी मारता येत नाही. अक्षरवेल ताई, तुमच्या नवव्या मॉड्यूलचं ते लांब पान जसं आहे तसंच ठेवायचं असेल तरी निदान हेडिंग तरी द्या, माझ्यासारख्याला तेवढ्यानेही जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरं, 'इथे क्लिक करा'. मी लिंकांची यादी मागवून ऐकतो तेव्हा ऐकू येतं, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा. कुठे जाणार काही पत्ता नाही. लिंकच्या शब्दातच सांगा की उघडल्यावर काय मिळेल. आणि 'लाल रंगातलं सक्तीचं, हिरव्यातलं ऐच्छिक' असं नुसत्या रंगावर सोडू नका, तो शब्द लिहा.

वेबच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यात हे २००८ सालच्या २.० आवृत्तीपासून आहे की पानापानावर परत येणारा मेनू त्याच क्रमाने असावा आणि एकाच कामाच्या गोष्टीला सगळीकडे एकच ओळख असावी. २०२३ च्या २.२ मध्ये त्यात आणखी भर पडली की मदतीची सोय पानापानांवर दिलेली असेल तर ती पण सगळीकडे त्याच क्रमाने यावी. म्हणजे तुमचा संपर्क, प्रश्न विचारायची जागा वगैरे पहिल्या मॉड्यूलमध्ये वर आणि पाचव्यात तळाला असं करू नका.

आणि पीडीएफ जर पानं स्कॅन करून बनवलं असेल तर माझ्यासाठी तो फक्त एक फोटो आहे. मजकूर मूडलच्या पानावरच टाका, मोबाइलवर वाचणाऱ्यांचे पण आशीर्वाद मिळतील.

सावकाश_शिका

मी शैक्षणिक व्हिडिओ एडिट करते, तर त्या बाजूने थोडंसं.

व्हिडिओत कधीही 'मागच्या मॉड्यूलमध्ये आपण पाहिलं', 'मॉड्यूल पाचमध्ये बघू' असं बोलू नका. क्रम बदलला की मजकूर दोन मिनिटांत सुधारता येतो, बोललेलं नाही. 'मध्यकाचा विचार करताना आपण पाहिलं' असं विषयाचं नाव घ्या, क्रमांकाचं नको. मूडलकर यांनी सांगितलेला क्रमांक बाहेरच्या नावात हवाच, तो बदलायला सोपा आहे, पण आतल्या आवाजात नको.

लांबीबद्दल. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकारी संशोधकांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्सेसमधल्या जवळपास ६९ लाख वेळा व्हिडिओ बघितल्याच्या नोंदी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारणपणे जास्तीत जास्त सहा मिनिटं टिकतात असं त्यात दिसलं. याचा अर्थ सहा मिनिटांत शिकून होतं असा घेऊ नका, त्यांनी बघणं मोजलं होतं, शिकणं नाही. पण चाळीस मिनिटांचं व्याख्यान असेल तर ते कल्पनांच्या सांध्यावर कापा आणि प्रत्येक तुकड्यानंतर काहीतरी करायला द्या. घड्याळ लावून बरोबर सहा मिनिटांवर मात्र कापू नका, वाक्य अर्धवट सोडल्यासारखं होतं ते.

आणि प्रत्येक मॉड्यूलच्या सुरुवातीला ओळख म्हणून स्वागत, पार्श्वभूमी, विषयाचं महत्त्व असं पानभर लिहिलेलं मी इतक्यांदा बघितलंय. नमनालाच घडाभर तेल. चार-पाच ओळी पुरेत: काय करता येईल, त्यासाठी काय काय करायचंय, किती वेळ लागेल, शेवटी काय जमा करायचं.

मूडलकर

चालू कोर्सचं राहिलंच होतं. सध्या उघडलेलं मॉड्यूल हलवू नका, मुलांना ते कुठे आहे ते एव्हाना कळलेलं असतं, वाईट जागा असली तरी माहितीची जागा असते. मागचे गृहपाठ जमा झालेत तिथे पण हात लावू नका. चौथ्यापासून नवीन पद्धत सुरू करा आणि त्याआधी एक छोटी घोषणा टाका, चित्रासकट, की इथून पुढे हे असं दिसेल. एका दमात नऊच्या नऊ करायला जाऊ नका, चौथं करा, आठवडाभर मेसेज कसले येतात ते बघा, मग पाचवं.

आणि उघडण्याआधी एक चाचणी. कोर्स अजिबात न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला विद्यार्थ्याच्या लॉगिनने बसवा, मूडलमधलं 'रोल बदला' वापरून विद्यार्थ्याच्या भूमिकेत आपणच बघणं वेगळं आणि हे वेगळं. विचारा की या मॉड्यूलमध्ये काय जमा करायचंय, कधीपर्यंत, किती गुणांचं, अडलं तर कुठे विचाराल. आणि आपण गप्प बसायचं. 'अहो ते खाली आहे बघा' असं तोंडाशी येतं, तरी बोलायचं नाही. ती व्यक्ती जिथे थांबते, मागे जाते, परत तेच पान उघडते, ती जागा लिहून ठेवायची.

अक्षरवेल

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. तक्ता भरायला घेतला आणि पाटीवरची_रेघ ताई म्हणाल्या तसंच निघालं, आठव्या मॉड्यूलच्या चाचणीत सहसंबंधावर दोन प्रश्न आहेत आणि सहसंबंध शिकवलाय थेट दहाव्यात. हेडिंगचं मला खरंच माहीत नव्हतं, @कानाने_वाचणारा, ते आधी करतेय, बाराही मॉड्यूल्सना, चालू असलेल्यालासुद्धा, कारण त्याने कुणाची जागा हलत नाही.

चौथ्याचा कच्चा क्रम असा लावलाय, बघून सांगा:

०४ सुरुवात: या मॉड्यूलमध्ये काय
०४ पहा: स्वतंत्र आणि अवलंबून घटना
०४ वाचा: संभाव्यता मोजण्याचे नियम
०४ सराव: फासे आणि पत्ते (गुण नाहीत, कितीही वेळा)
०४ जमा करा: पाच उदाहरणं
०४ चर्चा: रोजच्या बोलण्यातली संभाव्यता
०४ इतर

पाटीवरची_रेघ

छान झालंय, सरावापुढे कंसात लिहिलेलं तर फारच छान, 'हे पण करायचंय का' वाले निम्मे मेसेज तिथेच थांबतील.

दोन गोष्टी. चर्चा 'जमा करा'च्या वर घ्या. रोजच्या बोलण्यात कुणी 'नक्की पाऊस पडेल' म्हणतं तेव्हा त्याच्या मनात काय असतं यावर मुलं बोलली तर त्यातूनच त्यांना ती पाच उदाहरणं सापडतील, गृहपाठ देऊन झाल्यावर चर्चेला कोण फिरकणार? आणि 'इतर' काढून टाका. त्यात जे आहे ते लागत असेल तर त्याला वरच्यापैकी एका जागी नाव द्या. ऐच्छिक असेल तर '०४ आणखी हवं असेल तर' असं लिहा, म्हणजे कळेल की सोडलं तरी चालतं. आत नेमकं काय आहे त्यात?

अक्षरवेल

तीन जुनी पीडीएफ आणि एक लिंक जी उघडतच नाही. काढते.